बाईंचा हातगुण

"बाई, माझ्या हाताला गुणच नाही," धाकटीने काचेची बाटली ओट्यावर ठेवली. "पुन्हा मेल्या सगळ्या."

विद्यापीठात रोगांवर संशोधन व्हावं म्हणून ही नवी प्रयोगशाळा थाटलेली. माणसाच्या शरीरातल्या पेशी बाटलीत दाणापाणी घालून जगवायच्या, मग त्यांच्यावर औषधं तपासायची. पण सगळ्या अध्यापकांच्या पेशी आठवडाभरात माना टाकत. सगळ्यांत नवी अध्यापिका म्हणजे ही धाकटी; ती रोज नवं दाणापाणी घाली, तरी तिच्या तर दोन दिवसही टिकत नसत. गजबजलेल्या असत त्या फक्त विभागप्रमुख बाईंच्या बाटल्या. शिपाई तर शपथेवर सांगे, "बाईंनी खुर्चीच्या पायाला पाणी घातलं तर त्याला पालवी फुटेल, आणि संध्याकाळी सावलीत बसायला माणसं येतील!" पाहुणे आले की बाईंची बाटली सूक्ष्मदर्शकाखाली जाई आणि कुलगुरूंच्या कोटाची बटणं तटतटत.

खरी गोष्ट एवढीच, की बाईंच्याही पेशी मरत होत्या. पहिल्यांदा मेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला औषधांच्या कारखान्यात बहिणीचा मुलगा होता, त्याने एक जिवंत बाटली आणून दिली. एवढी एकदाच, असं ठरलं होतं. पण खोटं एकदा पाळलं की त्यालाही दाणापाणी लागतं. भाचा दर सोमवारी डब्याच्या पिशवीतून बाटली आणू लागला.

"मावशी," तो म्हणे, "एक दिवस गडबडीत तू माझी आमटी पाहुण्यांना दाखवशील."

बाई हसत.

"मी शाळेत नोकरी बघितलीय," ओट्यापाशी उभी धाकटी आता म्हणाली. "पोरं वांड असतात, पण निदान जिवंत असतात."

"अगं, धीर धर जरा."

"वर्षभर धरला, बाई. तुम्ही म्हणालात, हात नीट धुतेस ना? तेही केलं." तिने हात पुढे केले. साबणाने घासून घासून बोटांची सालं निघाली होती.

बाईंना त्या बोटांकडे बघवेना. खाली बघावं तर ती मेलेली बाटली होती.

"माझ्याही मेल्या," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"दरवेळी. जिवंत असायच्या त्या भाच्याकडच्या."

धाकटी हसली. "बाई, माझी समजूत काढू नका."

बाईंनी नकारार्थी मान हलवली. धाकटीचं हसू हळूहळू उतरलं. तिने ओट्यावरची मेलेली बाटली उचलली.

"म्हणजे कुणाच्याच जगत नाहीत," ती म्हणाली. "मग हातांचा काय संबंध? सगळ्यांचं एकच काय आहे? पाणी!"

सगळ्यांच्या बाटल्यांसाठी पाणी शुद्ध करणारं यंत्र गच्चीखालच्या खोलीत होतं. धाकटीने त्याच्या टाकीचं झाकण उघडलं. आतल्या भिंतीवर बोटभर हिरवट बुळबुळीत थर साचला होता.

"पहिल्याच दिवशी बोलला असतात तर..." तिने वाक्य अर्ध्यावरच सोडलं आणि बाह्या वर सारल्या.

"बॅटरी धरू का?" बाईंनी विचारलं.

धाकटी थोडी बाजूला सरकली. बाई ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसल्या. टाकीच्या आत उजेड थरथरू लागला.

"सरळ धरा," धाकटी म्हणाली.

बाईंनी दुसऱ्या हाताने आपलं मनगट घट्ट पकडलं.