देवापुढं बूट नको

पनवेलजवळच्या कोन गावातल्या बंगल्यापुढं जगनच्या हळदीचा मांडव पडला होता आणि त्याच्या वहिनीला, मनिषाला, सकाळपासून सगळ्याचीच शिसारी येत होती. जगनचे दोस्त बुटांसकट मांडवात नाचत होते, बाटल्या फुटत होत्या, आणि मनिषाचा नवरा हरेशही त्यांच्यातच. त्यांच्यापुढं ब्र काढायची कुणाची टाप नव्हती.

खुपले ते फक्त भाविकाचे बूट. मनिषाची ही आठ वर्षांची लेक काकाची करवली होती. जन्मतःच मणक्याचा दोष, स्पायना बिफिडा. त्यामुळे गुडघ्याखाली पायांना ना जोर, ना जाणीव. पण पोटऱ्यांना प्लास्टिकचे ब्रेस बांधून वर बूट चढवले की पोरगी ताठ उभी राहायची, टाच टेकवून झोकात चालायची. उद्या लग्नात करवलीचा कलश घेऊन आपल्या पायांनी चालायचं, एवढाच ध्यास तिनं घेतला होता.

सासूबाईंनी, भामाबाईंनी, मात्र बजावलं होतं की देवापुढं पायताण नाय चालायचं. ते पायताण नाही, तिचे पायच आहेत, असं मनिषानं हज्जारदा सांगितलं. ऐकतील त्या भामाबाई कसल्या!

मनिषा हळदीचं ताट आणायला आत गेली, तेवढ्यात त्यांनी डाव साधला. ती बाहेर आली तर ब्रेस चपलांच्या ढिगात, आणि दोन आत्या भाविकाला काखेत धरून अनवाणी देवाकडं नेत होत्या. पोरीचे गुडघे वाकले होते, पाय फरफटत होते. मागं सतरंजीवर लाल ठसे उमटत होते.

"लक्षुमीची पावलं उमटली गो," भामाबाई कौतुकानं म्हणाल्या. शूटिंगवाला ठशांवर कॅमेरा धरून वाकला.

मनिषा ताट टाकून धावली. तळव्यात बाटलीची काच रुतली होती आणि भाविकाला पत्ताच नव्हता. ती कॅमेऱ्याकडं बघून हसत होती.

पनवेलच्या डॉक्टरांनी टाके घातले आणि जखम भरेपर्यंत ब्रेस घालायचे नाहीत, असं निक्षून सांगितलं. रिक्षा दारात परतली तेव्हा नाच चालूच होता. सतरंजी तेवढी धुऊन टाकली होती. करवलीला उद्या उचलून नेऊ, त्यात काय एवढं, असं भामाबाई म्हणाल्या.

भाविका नाचणाऱ्यांच्या पायांकडं बघत राहिली.

"आई, देवाला माझेच बूट आवडत नाय का?"

मनिषा रिक्षातून उतरली. तिनं चपलांच्या ढिगातून ब्रेस शोधले, पदरानं पुसले.

"करवली दुसरी बघा," ती सासूला म्हणाली आणि रिक्षा माहेरी, जासईला घ्यायला सांगितली.