पाखडलेलं बियाणं

दाणेवाल्याचा जन्म धान्य पाखडण्यात गेला. पोतं उघडलं की सूप हाती घ्यायचं. हलकं ते उडतं, जड ते राहतं. या कामात त्याचा हात धरणारा बाजारात कुणी नव्हता, आणि हे तो न विचारताच सांगायचा.

त्याची धाकटी मात्र रानफुलांच्या नादी लागली. नोकरी बागेत, सुट्टी डोंगरात. सूर्यफुलाच्या कुळातलं एक बुटकं पिवळं फूल तिला एकाच टेकडीवर सापडलं होतं. टेकडी खडीसाठी फोडायला घेतली, तेव्हा ही पठ्ठी तिथली वाळलेली फुलं पिशवीभर खुडून घरी आली. पेरायच्या आधीच तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. मागोमाग टेकडीही गेली.

आज तिची बागेतली मैत्रीण ती पिशवी पेरायला न्यायला येणार होती. दाणेवाल्याने हात घातला तर आत नुसता कापूस आणि काड्या.

"लेकीचं बियाणं असं गबाळं द्यायचं?" तो बायकोला म्हणाला आणि सूप घेऊन गच्चीत बसला.

वारा छान होता. लेकीचं काहीतरी काम करतोय, म्हणून कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटलं. पांढरा कापूस भुरभुरत रस्त्यापलीकडे गेला. सुपात राहिलेले टणक तपकिरी कण त्याने बरणीत भरले.

मैत्रिणीने बरणी उजेडात धरली आणि हलवून पाहिली.

"काका, कापूस कुठाय?"

"उडवला की! औषधालाही ठेवला नाही."

तिने बरणी खाली ठेवली. "काका, बी त्या कापसालाच असतं हो. वाऱ्याबरोबर जायला. हे नुसते देठाचे तुकडे आहेत."

तो धडपडत गच्चीत गेला. कोपरे चाचपले, फटी उकरल्या. हाताला धूळ लागली. खाली डांबरी रस्त्यावरून गाड्या धावत होत्या.

"उठा, काका." मैत्रीण त्याच्याजवळ उकिडवी बसली. "तुम्हाला कसं माहीत असणार? ती असती ना, तर पोट धरून हसली असती."

"हसली असती," तो म्हणाला. त्याला हुंदका आवरेना. "आणि सकाळी उठून टेकडीवर गेली असती, दुसरं आणायला."