कॉलरीतला लोंबता दोरा

आजीची शाळा दुसरीतच आटोपली होती. पण तिच्या लाँड्रीतून चाळीस वर्षांत एकाचा शर्ट दुसऱ्याच्या घरी गेला नव्हता. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कॉलरीत आतून ती लाल दोऱ्याची खूण घालायची, तीही माणसाचा स्वभाव बघून. तिरसट डॉक्टरला उभा काटा, चिक्कू सोनाराला आवळगाठ.

तिची नात विद्यापीठात ग्राफिक डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होती. एकही अक्षर न वापरता माणसं ओळखू येतील अशी बारा चिन्हं तिला करायची होती. सरांनी तीनदा परत पाठवली. चौथ्यांदा नापास म्हणजे वर्ष पाण्यात. पोरगी इस्त्रीच्या टेबलावर डोकं टेकून मुसमुसत होती.

"बारा चिन्हांसाठी एवढं रडं?" आजी फणकारली. "इथे दोनशे माणसं टाक्यांवरून ओळखते मी! ऊठ, शर्ट चुरगळतोय."

नातीने डोकं उचललं, समोरची कॉलर उलटली आणि बघतच राहिली.

परीक्षेच्या दिवशी आजी ठेवणीतल्या चपला घालून हजर. भिंतीवर आजीच्याच टाक्यांच्या बारा मोठ्या चौकटी, खाली परीक्षकांसाठी अर्थ. सर सातवीपाशी थांबले. तीन आडवे टाके आणि एक लोंबता दोरा. खाली लिहिलेलं, 'बोलायला लागला की थांबत नाही.'

"वा! नेमकं!" म्हणत सरांनी त्या दोऱ्यावर पाऊण तास ऐकवलं. आजीने चार जांभया गिळल्या. मग तिची नजर सरांच्या बाहीवर गेली. ही घडी आपल्याच हातची! ती तरातरा पुढे गेली आणि सरांची कॉलर उलटली.

तीन टाके. लोंबता दोरा.

दालनात खसखस पिकली. नातीच्या तोंडचं पाणी पळालं. "आजी, माझं वर्ष गं!"

"पण बाई, आपण कधी भेटलोही नाही," सर चाचरले.

"भेटायला कशाला हवं? कपडे तुमची बायको आणते, सोबत तुमची चिठ्ठी. एका शर्टाला दोन पानं! सून वाचून दाखवते तोवर इस्त्री गार होते माझी."

"ही खूण... बदलता येईल?"

"माणूस बदलला की खूण बदलते."

सरांनी निकालाचा कागद ओढला. एरवी शेऱ्याला पुरवण्या जोडणारा माणूस. आज एकच शब्द लिहिला. 'उत्तीर्ण.' आणि पेनाला टोपण लावलं.

नातीने आजीला मिठी मारली. आजीने ती सोडवली, पिशवीतून कात्री काढली आणि सगळ्यांदेखत सरांचा लोंबता दोरा कचकन कापला. "हं. आता शोभतो."

सोमवारी सरांची बायको कपडे घेऊन आली, सोबत चिठ्ठी. दोरा नेमका कुठून कापायला हवा होता, यावर साडेतीन पानं.

सुनेचं पहिलं पान वाचून व्हायच्या आतच आजीने चष्मा चढवला.

"राहू दे पुढचं. सुई आण. आणि दोरा या खेपेला लांब घे गं."