माझ्या पाठीवरची टकटक

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो. मी एक जुनं टेबल आहे आणि माझा जळका स्वभाव अजून गेलेला नाही. लाकडाला मन नसतं म्हणे. नसेल बुवा. मग तळमजल्यावरच्या त्या संगणकाचं नाव निघालं की माझे सांधे का करकरतात?

रोझेनहाइमच्या एका सुतारानं मला घडवलं. बीच नावाच्या झाडाचं लाकूड, चार माणसं आडवी झोपतील एवढी पाठ. तिथून मला म्युनिकजवळच्या एका संशोधन संस्थेत आणलं. पूर्वेकडून रणगाडे आलेच तर काय काय होईल, ते गणितानं आधीच ताडून पाहायचं, हे तिथलं काम. डॉक्टर वाल्डेमार हुफनागेल ते करत. तेच माझे धनी. तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस दाट होते आणि नोकरी कच्ची होती.

माझ्यावर मोठा नकाशा पसरायचा. निळे ठोकळे आपले, लाल शत्रूचे. हुफनागेल फासे टाकायचे, आकडे मांडायचे, माझ्यावर कोपर टेकून विचार करत बसायचे. आणि नकाशातल्या रस्त्यांवर साखरेचे पांढरे खडे ठेवायचे. ही घरदार सोडून पळणारी माणसं, असं सांगायचे. लष्करी पाहुण्यांना ते खूळ वाटे. एकदा एका मेजरसाहेबांनी बोलता बोलता साखरेचं अख्खं गाव उचलून कॉफीत टाकलं आणि रस्ता मोकळा झाला म्हणून रणगाडा पुढे सरकवला. सगळे पोट धरून हसले. हुफनागेल तेवढे हसले नाहीत.

आमच्याकडे व्याख्यान आवडलं की टाळ्या वाजवत नाहीत, बोटांची पेरं टेबलावर टकटक वाजवतात. म्हणजे कौतुक हुफनागेलांचं, पण पडायचं माझ्या पाठीवर. ते खाऊन खाऊन मी शेफारलो. ती टकटक माझीच आहे असं मला वाटायला लागलं.

मग तो संगणक आला. त्याच्याबरोबर डॉक्टर गेझिने ट्राम्नित्स नावाच्या तरुण बाई आल्या. त्याच्यासाठी खास गार खोली बांधली. मी उन्हाळ्यात तडकत होतो तेव्हा माझी कोणी बडदास्त ठेवली नव्हती, बरं का! मला एक लढाई खेळायला आठवडा लागे, हा दुपारच्या जेवणाआधी ढीगभर लढाया उरकायचा. हुफनागेल सकाळी शीळ घालत खाली जायचे ते संध्याकाळी थेट घरी. माझ्यावर लोक वाढदिवसाचे केक कापायला लागले. आलुबुखाराचा चिकट रस माझ्या भेगांत मुरला. मी रोज मनात म्हणायचो, तुझं वाटोळं होवो.

पुढे बॉनहून, म्हणजे आमच्या तेव्हाच्या राजधानीहून, एक मोठी योजना तपासायला आली. शत्रूला सरहद्दीवरच अडवायचं, मागची राखीव फौज संध्याकाळपर्यंत तिथे पोचेल. संगणक म्हणाला, पोचेल. हा निकाल मान्य झाला की विभागप्रमुखाची खुर्ची हुफनागेलांना मिळणार, हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं.

बॉनच्या अधिकाऱ्यांपुढे निकाल मांडायच्या आदल्या दुपारी ट्राम्नित्सबाईंचा वाढदिवस होता. हुफनागेलांनी कॉफीसाठी साखरेचा खडा उचलला आणि त्यांचा हात तसाच राहिला. त्यांनी विचारलं, "बाई, आपण रस्ते कसे धरलेत?"

"मोकळे," ट्राम्नित्सबाई म्हणाल्या. "लोकांनी घरातच थांबायचं, असा हुकूम आहे ना."

"आणि नाही थांबले तर?"

"तसा हुकूम नाही."

हसू नका, मित्रांनो. हुकूम आहे म्हणजे लोक पाळणारच, हे आमच्याकडे गणितातच धरतात. हुफनागेलांनी केक बाजूला सारला, जुना नकाशा पसरला आणि साखरदाणी रस्त्यांवर रिकामी केली. नकाशावरची राखीव फौज लढाईच्या दुसऱ्या दिवशीही सरहद्दीला पोचेना. उद्या हे बोललात तर खुर्ची गेलीच म्हणून समजा, असं बाईंनी बजावलं. मला मात्र उकळ्या फुटत होत्या. बरी जिरली त्या खालच्याची! आता धनी माझेच.

दुसऱ्या दिवशी बॉनचे अधिकारी माझ्याभोवती बसले. हुफनागेल खडे मांडत सगळं सांगत होते. कर्नल ड्रोगे कंटाळले होते. त्यांनी कॉफी जवळ ओढली आणि एका रस्त्यावरचा खडा उचलला. हुफनागेलांनी त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या, कर्नलसाहेब. ती माझी आई आहे."

मग त्यांनी खाली मान घालून सांगितलं. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, त्या हिवाळ्यात पूर्वेकडच्या सायलेशियातून ते आईबरोबर हातगाडी ओढत निघाले होते. घरातच थांबा, असा हुकूम त्यांनाही होता. मागून आपल्याच फौजेचे ट्रक आले आणि त्यांनी माणसं रस्त्याबाहेर ढकलली. आई त्या बर्फातच राहिली.

कर्नलसाहेबांनी खडा पुन्हा जागेवर ठेवला. मी पाठ ताठ करून टकटकीची वाट पाहत होतो. कोणीही वाजवलं नाही. सगळे खुर्च्या सरकवून उठले. योजना परत गेली आणि खुर्ची हॅम्बुर्गच्या कोणा माणसाला मिळाली.

माझ्याकडे तरी ते परत आले का? छे! सोमवारी ते आणि ट्राम्नित्सबाई खाली गेले आणि घाबरलेली माणसं कशी पळतात, ते त्या संगणकाला शिकवत बसले. माझी साखर, आणि शहाणा झाला तो! मला अडगळीच्या खोलीत टाकलं.

हुफनागेल निवृत्त झाले तो समारंभ पलीकडच्या सभागृहात होता. भिंतीतून मला टकटक ऐकू आली. किती वेळ चालली होती! परक्या टेबलांच्या पाठीवर. मी जळून खाक झालो.

मग अडगळीचं दार उघडलं. हातात फुलांचा गुच्छ, डोक्यावर एक केस नाही. त्यांनी माझ्यावरचे खोके बाजूला केले, धूळ बाहीनं पुसली.

"त्या दिवशी तुझ्यावर कोणी वाजवलं नाही," ते म्हणाले. आणि त्यांनी आपली सुजलेली पेरं माझ्यावर वाजवली. हळू, पण बराच वेळ. ती टकटक दुसऱ्या कोणासाठी नव्हती.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या टेबलावर खुशाल खोके ठेवा, केक कापा. सवय आहे मला. फक्त नकाशावर साखरेचा खडा दिसला, तर कॉफीत टाकण्याआधी विचारा, हा कोणाचा कोण आहे.