मी वाढत गेले, कावीळ उतरली नाही

मी काविळीची माळ बोलतेय. कृपा करून हात जोडू नका. हात जोडणाऱ्यांनीच माझा जीव मेटाकुटीला आणलाय. बसा आणि फक्त ऐकून घ्या.

माझा जन्म सिहोऱ्याजवळच्या एका गावात, तलावाच्या पाळीवर झाला. तिथे पुनर्नवा जमिनीला धरून पसरलेली असते. काविळीची माळ देणारे गोमाजी रविवारी आणि बुधवारी सकाळी तोंडात पाण्याचा थेंबही न घेता तिथे जातात, तिच्या हिरव्या काड्या आणतात, बोटाच्या पेराएवढे तुकडे करतात आणि एकेक तुकडा पांढऱ्या दोऱ्याच्या गाठीत अडकवतात. झाली माळ तयार. भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, तरी डोळे पिवळे झाले की तिकडची माणसंसुद्धा गोमाजींच्याच अंगणात येऊन बसतात. एका नारळापलीकडे ते काही घेत नाहीत. माणूस लबाड नाही. लबाड असते तर चार शिव्या देऊन मी मोकळी तरी झाले असते.

माझं काम सोपं. मला टोपीसारखी रोग्याच्या डोक्यावर ठेवतात. दोन-तीन दिवसांत मी सैल होऊन गळ्यात उतरते, मग छातीवर, मग पोटावर. मी खाली सरकले की कावीळही खाली सरकली, असं लोक म्हणतात. मी गुडघ्यापर्यंत आले की मला तलावात सोडायचं आणि अंघोळ करायची.

आता खरं सांगते. मी वाढते, कारण मी वाळते. ओल्या काड्या सुकल्या की बारीक होतात, गाठी ढिल्या पडतात आणि गाठीत अडकलेला दोरा सुटत जातो. माझ्यात दुसरी काही करामत नाही. पण घाण पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची पथ्य आणि आराम करून आपली आपण बरी होते. तेवढ्यात मीही गुडघ्यापर्यंत आलेली असते. झालं, नाव माझं! अशी माझ्या घराण्याची पुण्याई. आणि ज्यांची कावीळ तशी नसते, त्यांचं पुढे काय झालं ते सांगायला कोणी गोमाजींकडे परत येत नाही.

मला घातलं ते धनीरामच्या डोक्यावर. पन्नाशीतला शेतकरी, धानाचा जाणता माणूस. घरी बायको निर्मलाबाई आणि एकुलती मुलगी दामिनी, तुमसरच्या कॉलेजात विज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला. धानाची कापणी सुरू होती आणि धनीरामचे डोळे हळदीसारखे झाले होते. खाज तर इतकी, की माणूस दाराच्या चौकटीला पाठ घासायचा.

पहिल्याच दिवशी त्या घरात जे भांडण झालं, त्यातून मला सगळी हकीकत कळली. दोन वर्षांपूर्वी गावातल्या शिबिरात धनीरामने रक्त दिलं होतं आणि तपासणीत हिपॅटायटिस बी निघाला होता. लिव्हरमध्ये दडून बसणारा विषाणू. भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात फुकट गोळ्या सुरू झाल्या, रोज एक. पोटाच्या बाजूला यंत्र टेकवून, सुई न टोचता, लिव्हर किती कडक झालंय तेही पाहिलं. फार बिघडलं नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की गोळीने विषाणू झोपतो, मरत नाही, मनाने बंद करायची नाही. त्या दिवशी दामिनीने धान्याच्या कोठीमागे हात घातला, तर गोळ्यांच्या तीन बाटल्या सीलबंद निघाल्या.

"बाबा, गोळ्या काहून बंद केल्या?"

"रिपोर्टात काईच नाई निंगलं म्हने ना तो डाक्टर? मंग कायले खाऊ?"

"अहो, गोळी खात होते म्हनून नाई निंगलं!"

"धानाचा रोवणा चालू होता. अंगात चांगली ताकद होती. बिमारी गेली असं समजलो मी."

बघा, म्हणजे गोळीने आपलं काम चोख केलं, हाच तिचा गुन्हा! ती लागू पडली म्हणून तिला कोठीमागे टाकलं. आणि मी, जी काहीच करत नाही, ती डोक्यावर.

दामिनीने त्याच वेळी गोळी पुढे केली. निर्मलाबाईंनी तिचा हात धरला. "माळ हाय तवरक दुसरं औषध चालत नाई. गोमाजीबाबांनी बजावून सांगतलं हाय."

"माय, दवाखान्यात तरी चाल."

"काविळीले दवाखान्यात औषध नसते व पोरी. साऱ्या दुनियेले माहीत हाय."

तिसऱ्या दिवशी मी धनीरामच्या गळ्यात उतरले. निर्मलाबाईंचा चेहरा असा फुलला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी शेजारणींना बोलावून दाखवलं. पाचव्या दिवशी मी छातीवर होते. माझ्याखाली त्या माणसाच्या अंगाची धग मला कळत होती. तो दोन घास खाऊन ताट सरकवत होता, लघवी काळ्या चहासारखी होत होती, पोट तट्ट फुगत होतं. आणि मी वाढत होते! थांबावं म्हणून मी जीव तोडून प्रयत्न केला. पण वाळणाऱ्या काडीला कुठलं थांबणं? त्यात हवाही कोरडी पडलेली.

दामिनी मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. ती पाळीवर गेली, पुनर्नवा तोडून आणली आणि माझ्याकडे बघत बघत तशाच गाठी मारायला लागली. पहिली माळ सुटली. दुसरी जमली. ती तिने कोपऱ्यात उभ्या असलेल्या मुसळाच्या वरच्या टोकाला अडकवली आणि माळेचं खालचं टोक जिथे आलं तिथे चुन्याची रेघ मारली.

"हे काय सोंग व?" निर्मलाबाई चिडल्या.

"राहू दे माय. दोन-तीन दिवस कोनी हात नोको लावू."

तिसऱ्या सकाळी निर्मलाबाई झाडू मारता मारता मुसळापाशी थबकल्या. मुसळाची माळ चुन्याच्या रेघेखाली चांगली चार बोटं आली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, परत मुसळाकडे पाहिलं.

"दामिनी... या मुसळाले कोनती कावीळ झाली व?"

माझ्या उभ्या आयुष्यात मला आनंद झाला तो तेवढाच. वाटलं, सुटले! आता मला काढून फेकतील.

तेवढ्यात समोरच्या खाटेवर पडलेला धनीराम उठला. अंगात सदरा घालतो म्हणाला आणि खाटेवर बसून सदऱ्याच्या बाहीत पाय घालायला लागला. एक पाय घातला, दुसरा घालता येईना तेव्हा लहान मुलासारखा रडकुंडीला आला. दामिनीला तो आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारत होता. लिव्हर थकलं की रक्तातलं विष डोक्यात चढतं, हे मला नंतर दवाखान्यात कळलं. त्या वेळी मला एवढंच कळलं की उशीर झालाय आणि त्यातले आठ दिवस माझ्या नावावर आहेत.

गाडीतली धानाची पोती उतरवून त्याला तिच्यात घातलं. आधी तुमसर, मग भंडारा. भंडाऱ्याला प्रतिक्षा नावाच्या सिस्टर होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला नाही की रागावल्याही नाहीत. "काकू, ही काढावी लागते, मानेत सुई टाकाची हाय," एवढंच म्हणाल्या आणि कात्री उचलली. निर्मलाबाईंनी घाईघाईने मला त्याच्या डोक्यावरून काढून पदराच्या टोकाला बांधलं. अजून तुटू द्यायला मन होईना.

तिथून नागपूर. पदराच्या गाठीतून मी सगळं ऐकत होते. रक्त गोठत नव्हतं. जी गोळी कोठीमागे पडली होती, तीच पहिल्या तासात नळीतून पोटात गेली. जोडीला इतर औषधं, सलाईन. डॉक्टर बाई शांत होत्या. म्हणाल्या, लिव्हरने उभारी धरली तर ठीक, नाहीतर बदलावं लागेल.

"माह्यं घ्या," दामिनी लगेच म्हणाली.

बाईंनी तिला समजावलं. जिवंत माणसाच्या लिव्हरचा तुकडा देता येतो, देणाऱ्याचं पुन्हा भरून येतं. पण तपासण्या, परवानगी, मोठं ऑपरेशन, सगळं वेळेत जुळलं तर. तिच्या तपासण्या सुरूही झाल्या. तिला हा आजार नव्हता, लहानपणीच लस टोचलेली होती. बाई हेही म्हणाल्या की आता जन्मल्या जन्मल्या बाळाला लस मिळते, हिपॅटायटिस सी तर तीन महिन्यांच्या गोळ्यांत बरा होतो. "एवढं सगळं हातात आहे हो," त्या म्हणाल्या, "आणि माणसं माझ्याकडे येतात ती अशी."

मी पदरात अंग चोरून घेतलं. बाई मला बोलत नव्हत्या, तरी मलाच बोलत होत्या.

बाराव्या दिवशी धनीरामने दामिनीला दामिनी म्हणून हाक मारली. ऑपरेशनची वेळ आली नाही. महिनाभराने तो घरी आला, अर्धा झालेला, हातात काठी. लिव्हरला कायमचे व्रण पडलेत. गोळी आता जन्माची, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. आणि ती गोळी तो घेतो, नियमाने घेतो. सकाळी चहाआधी, दार लोटून.

दार लोटूनच, कारण आसगावचे पाहुणे दामिनीला बघायला येणार आहेत. 'बाप हिपॅटायटिसवाला' असं कानावर गेलं तर सोयरीक मोडेल, ही भीती. दामिनीला काही झालेलं नाही, ताटात जेवल्याने की पाण्याच्या पेल्याने हे पसरत नाही, हे घरातल्या तिघांना पाठ आहे. पण गावाला कोण सांगणार? म्हणून निर्मलाबाईंनी मला पदरातून सोडलं आणि देवाजवळच्या खिळ्याला टांगलं. कोणी विचारलं की माझ्याकडे बोट दाखवायचं. ज्या बाईने मुसळ डोळ्यांनी पाहिलं, तीच मला कुंकू लावते. संतापाने माझ्या काड्या फुटायच्या बाकी आहेत!

आणि आज सकाळी बेबीबाई आल्या. पलीकडच्या आळीतल्या. त्यांचा नवरा टिकाराम पंधरा दिवसांपासून पिवळा पडलाय, पोट फुगलंय, पाय सुजलेत. ही आपोआप उतरणारी कावीळ नाही, हे मला खिळ्यावरून कळलं. दामिनी कॉलेजात गेलेली.

"भाऊ, तुमी तं मरता मरता वाचले. कायनं उतरली जी?"

धनीरामने निर्मलाबाईंकडे पाहिलं. तासाभरापूर्वीच त्याने गोळी घेतली होती. पाण्याचा पेला अजून खाटेखाली होता.

"गोमाजीबाबाची माळ," तो म्हणाला.

बेबीबाईंनी मला हात जोडले, डोळे पुसले आणि निघाल्या. त्या अंगणाबाहेर पडल्या तसा धनीराम काठी टेकत उठला आणि दारापर्यंत गेला. "बेबीबाई!" त्याने हाक मारली. त्या थांबल्या. त्याचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलेल. सांग रे बाबा, एकदाच सांग, दवाखान्यात ने म्हणून!

"पथ्य पाळा म्हना त्याले," तो म्हणाला आणि खाटेवर येऊन बसला. निर्मलाबाई चुलीपुढून उठल्याच नाहीत.

मला तोंड नाही, तुम्हाला आहे. आज बुधवार, गोमाजी पाळीवरून काड्या घेऊन आलेच असतील. दुपारपर्यंत माझी एक बहीण टिकारामच्या डोक्यावर चढेल आणि परवापासून ती वाढायला लागेल. ती गळ्यात उतरण्याआधी कोणीतरी त्याच्या घरी जा हो.