नाकवाल्यांचा समुद्र

"बाबा, हा कसला वास येतोय?"

लेक दारातच थांबली होती. एक चप्पल पायात, दुसरी हातात, आणि नाकाला रुमाल.

नाकवाले माशांच्या टाकीच्या काचेवरचं शेवाळ खरवडत होते. पाण्यात कोपरापर्यंत बुडालेला हात बाहेर न काढताच ते म्हणाले, "वास? कसलाही नाही."

"अहो, डोळे चुरचुरताहेत माझे. झेरॉक्सच्या दुकानात शिरल्यासारखं वाटतंय."

"तुमच्या हॉस्पिटलचा वास बसलाय तुझ्या नाकात. या घरात काही असतं तर पहिल्यांदा मला कळलं असतं."

यावर कुणी काही बोलू शकत नसे. शहराच्या पाणीपुरवठा केंद्रात चौतीस वर्षं काढलेला हा माणूस. एकदा पहाटे धोक्याची घंटा वाजायच्या आत यांनी बंद खिडकीतून क्लोरीनची गळती ओळखली आणि सात माणसांना अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर हाकललं. घंटा वाजली तेव्हा सगळे फाटकाबाहेर उभे होते. त्या दिवसापासून खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं. बाकी सगळ्यांचे ते नाकवाले. नवीन माणूस कामावर आला की त्याला ते एकच वाक्य ऐकवत, "यंत्र खोटं बोलेल, नाक बोलणार नाही."

आतल्या खोलीतून खोकल्याची उबळ आली. कोरडा, घशाला ओरबाडणारा खोकला. लेकीने पायातली चप्पलही काढून फेकली आणि ती आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली ती कमरेवर हात ठेवूनच.

"सहा आठवडे खोकतेय आई. मला फोनवर म्हणते, हवा बदललीय. त्या पेटीनं बदलली हवा! ओझोन सोडते ना ती? आमच्याकडे खोल्या निर्जंतुक करायला वापरतात, तेव्हा आत चिटपाखरू राहू देत नाहीत. आणि तुम्ही बसायच्या खोलीत लावून ठेवलीय."

"इथे तो खोलीत येतच नाही. कोरडी हवा पेटीत जाते, ठिणगीनं ओझोन होतो, नळीनं त्या फेसाच्या नळकांड्यात उतरतो, पाण्यातला पिवळेपणा जाळतो आणि उरलासुरला वरच्या कोळशात संपतो. मला पाणी शिकवू नकोस."

"पाणी नाही शिकवत, हवा शिकवतेय. पेटी काढा."

"नाही काढणार."

"मग टाकीच जाऊ दे. मी टाकीवाल्याला फोन करते. रविवारी येऊन सगळं घेऊन जाईल."

नाकवाल्यांनी हात पाण्यातून काढला. खारं पाणी फरशीवर टपटपत राहिलं. "माझ्या जिवात जीव आहे तोवर यातला एक दगडही कुणी हलवायचा नाही. सांग तुझ्या टाकीवाल्याला."

लेक त्यांचीच होती. तिने तिथेच उभं राहून फोन लावला.

टाकी अकरा वर्षांची होती. लेक लग्न होऊन गेली त्या वर्षी तिची खोली रिकामी झाली म्हणून बसायच्या खोलीतलं सामान तिकडे सरकलं आणि इथे भिंतीलगत पाच फूट समुद्र आला. मीठ मोजून घालायचं, उष्णता पाव अंशानं हलू द्यायची नाही, दिवे ठरल्या वेळी चढवायचे नि उतरवायचे. नखाएवढे आणलेले प्रवाळाचे तुकडे आता तळहाताएवढे झाले होते. नारिंगी माशांची एक जोडी होती, आणि ती ज्यांच्यात घर करून राहायची ती पाण्याबरोबर डोलणारी, हजार बोटांची समुद्रफुलं. गेल्या वर्षी मात्र पाणी चहाच्या दुसऱ्या पाण्यासारखं पिवळट दिसायला लागलं. टाकीवाला म्हणाला, "काका, पाणी जास्त वेळा बदला. ओझोनच्या नादाला लागू नका, घरात झेपत नाही." झालं. नाकवाल्यांना झेपत नाही असं सांगणं म्हणजे आगीत तेल. आठवड्याभरात पेटी आली. पंधरा दिवसांत पाणी असं झालं, की मासे हवेत तरंगताहेत असं वाटावं. टाकीवाल्याला मुद्दाम बोलावून दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नळकांड्याचा पेला रिकामा करायला बसले. पाण्यातली सगळी घाण फेसाबरोबर वर येऊन या पेल्यात साचते. काळपट हिरवी, चिकट. घरातली सगळ्यात घाणेरडी वस्तू. हा पेला निघाला की बायको पदर नाकाला लावून गॅलरीत पळायची, अकरा वर्षं हाच शिरस्ता. आजही ती पळाली. खोकत पळाली.

नाकवाले पेला धरून उभे राहिले. ती का पळाली, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला.

त्यांनी पेला नाकाशी नेला. काही नाही. आणखी जवळ नेला, इतका की नाकाचा शेंडा बरबटला. दीर्घ श्वास घेतला. नळाच्या पाण्याचा पेला असावा तसं.

ते स्वयंपाकघरात गेले. कॉफीचा डबा उघडला, नाक आत घातलं. काही नाही. साबणाची नवी वडी कागदातून सोडवली. काही नाही. मग ते स्टुलावर बसले आणि मागे मागे आठवत गेले. शेवटचा वास कशाचा आला होता? गेल्या पावसाळ्यात दहा दिवस ताप होता, त्याच्या आधीचं आठवत होतं. नंतरचं काहीच आठवेना.

थोड्या वेळाने उठून त्यांनी कपाटातून पेटीबरोबर आलेली एक छोटी बाटली काढली. तिचं सील अजून तसंच होतं. आत कागदी पट्ट्या होत्या. ओली करून टांगली की ओझोन लागताच निळी पडणारी पट्टी. असल्या पट्ट्यांनी त्यांनी उभी हयात क्लोरीन तपासला होता, पण घरी आणल्यावर बाटली न उघडताच आत टाकली होती. नाक असताना पट्टी कशाला?

पट्टी दोन मिनिटांत निळी झाली. दुसरी पट्टी नळीजवळ नेली, तर ती जांभळीच झाली. नळी एक वीत कमी पडली म्हणून मध्ये त्यांनी रबराचा एक तुकडा जोडला होता. तात्पुरता. केंद्रात ते स्वतःच म्हणायचे, तात्पुरतं म्हणून लावलेलं निवृत्त होईपर्यंत टिकतं. ओझोनने ते रबर आडवंतिडवं चिरून टाकलं होतं. आणि झाकणातला कोळसा? तो त्यांनी बदललाच नव्हता. संपला की वास येईल, मग बदलू.

त्यांनी पेटीचा प्लग काढला. सगळ्या खिडक्या उघडल्या. मग गॅलरीत बायकोसमोर जाऊन उभे राहिले. ती कुंडीतली वाळकी पानं खुडत होती.

"तुला वास येत होता?"

"कशाचा?"

"उगाच वेड पांघरू नकोस. ओझोनचा."

तिने आणखी दोन पानं खुडली. "दोन महिने झाले असतील."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही म्हणत होता, वास नाही. आता वास आहे म्हटलं असतं, तर तुमचं नाक गेलंय हेही सांगावं लागलं असतं."

"तुला माहीत होतं?"

"त्या तापानंतर तुम्ही आंबलेलं दूध पेलाभर प्यालात आणि वर मिश्या पुसल्यात. तेव्हाच कळलं. सांगायला जीभ उचलली नाही."

"आणि खोकत बसलीस?"

"तुमच्या नाकापेक्षा माझा खोकला स्वस्त वाटला."

ते चिडले. कुणावर ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "स्वस्त! छातीचं खोकं झालं असतं म्हणजे? सात माणसं वाचवणारा मी, आणि घरातलं एक... जाऊ दे. लेक म्हणते तेच बरोबर. येऊ दे रविवारी टाकीवाला. घेऊन जाऊ दे सगळं."

बायकोने पानं कुंडीत टाकली, हात झटकले.

"का म्हणून?"

"अगं, का म्हणून काय?"

"नळी तुम्ही चुकीची लावलीत. कोळसा तुम्ही बदलला नाहीत. त्यात त्या माशांचा काय गुन्हा? मी गेली अकरा वर्षं त्यांना खायला घालतेय. तुम्ही रुसायचं आणि शिक्षा त्यांना? चौतीस वर्षं लोकांना पाणी पाजलंत, आणि वीतभर नळी बदलता येत नाही?"

नाकवाल्यांनी बोटं ताणून कठड्यावर एक वीत मोजली. मग ते म्हणाले, "नळी सिलिकॉनचीच लागेल."

"मग आणा ना."

तीन दिवस दोघं खपली. पेटी गॅलरीत गेली, फेसाचं नळकांडंही गेलं. पाणी नेण्याआणण्यासाठी भिंतीला दोन भोकं पडली. नाकवाल्यांनी ड्रिल धरलं आणि बायकोने खाली धूळ गोळा करायला कागदाचा कोन. अखंड नळी आली, तीत एकही जोड नाही. झाकणावर ताज्या कोळशाचा डबा बसला. शिवाय एक मीटर आलं, जे पाण्यातला ओझोन मोजतं आणि आकडा ठरल्याच्या वर गेला की पेटी स्वतःच बंद करतं. चौतीस वर्षं ज्या यंत्रांना खोटारडी म्हटलं, त्यातलं एक नाकवाल्यांनी आपल्या हाताने भिंतीला ठोकलं. मधे मधे बायको आत जाऊन खोकून यायची. पण रविवारपर्यंत खोकला निम्म्यावर आला होता.

रविवारी लेक आली, मागोमाग टाकीवाला. त्याच्या हातात थर्माकोलची खोकी, खांद्यावर बादल्या. घरात शिरताच लेकीने हवा हुंगली आणि तिच्या कपाळावरची एक आठी कमी झाली. बाकीच्या तशाच होत्या.

"पेटी बंद केलीत, छान झालं. आता बंदच राहू दे. नाही तर टाकीवाले आलेच आहेत."

"पेटी आज चालू करणार आहे," नाकवाले म्हणाले. "गॅलरीत. तुझ्यासमोर."

"बाबा, हट्टीपणाला काही सीमा?"

"आहे. ती तूच आता गॅलरीत येऊन बघ."

"आई, तू तरी सांग यांना."

"मी सांगितलंय म्हणून तर तीन दिवस भिंत फोडत होते," बायको म्हणाली.

"तुझ्या छातीसाठी भांडतेय मी!"

"छाती माझी, खोकला माझा आणि घरही माझं. भांडायचं तर ते माझं मी बघेन. तू नर्स आहेस ना? मग तपासायला ये, आवरायला येऊ नकोस."

टाकीवाल्याने खोकी हळूच खाली ठेवली. लेकीने बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "दोन आठवडे," ती म्हणाली. "रोज तपासायचं. एक दिवस जरी गळलं किंवा आई पुन्हा खोकायला लागली, तर त्याच दिवशी पेटी घराबाहेर. शब्द द्या."

"दिला."

सगळे गॅलरीत दाटीवाटीने उभे राहिले. नाकवाल्यांनी बटण दाबलं. पेटीत बारीक गुणगुण सुरू झाली, नळकांड्यात फेस चढू लागला. मीटरवरचा आकडा हळूहळू वर सरकला आणि ठरल्या जागी थांबला. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"काका, तुम्हीच सांगा आता," टाकीवाला आदराने म्हणाला. "तुमच्यापुढे आमचं नाक ते काय!"

बायको पटकन पुढे झाली. "थांबा, मी बघते." ती वाकली, कोळशाच्या डब्याशी नाक नेऊन तिने दोन-तीन श्वास घेतले. अजून थोडी खाली वाकली, नळीच्या कडेकडेने पेटीपर्यंत गेली. लेकीने तोवर स्वतःचा श्वास धरून ठेवला होता.

"नाही," बायको उठत म्हणाली. "काहीच वास नाही." आणि नवऱ्याकडे न बघता टाकीवाल्याला म्हणाली, "यांनाही नाही आला. आला असता तर बोलले असते."

प्रश्न तिथेच मिटत होता. टाकीवाल्याने मान डोलावली, लेक आत वळू लागली. नाकवाल्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा चढवला.

"मला येतच नाही," ते म्हणाले. "कसलाच. वर्ष झालं."

लेक वळली. टाकीवाला हातातल्या बादलीचं कडं उगाच इकडून तिकडे करत राहिला.

"तेव्हा यापुढे या घरात वासाबद्दल काही विचारायचं असेल," नाकवाले ताठ उभं राहत म्हणाले, "तर यांना विचारायचं." त्यांनी बायकोकडे बोट केलं आणि ती पुन्हा वाकून बघू शकेल इतके बाजूला सरकले.