लाल दोऱ्याची शिवण

मी एक जुनी गोल गादी आहे. निळा रंग विटलाय, एक अंग चपटं झालंय आणि पोटावर लाल दोऱ्याची लांबलचक शिवण आहे, अर्धी सरळ, अर्धी वाकडी. हसू नका, मित्रांनो. आधी तिची हकिगत ऐका.

मला एका गादीवाल्याने बनवलं. उरलेला कापूस आणि पडद्याचं उरलेलं कापड, एवढंच माझं माहेर! पण त्याने हात आखडता घेतला नाही, कापूस चांगला ठासून भरला. तिथून मी एका ध्यानवर्गात आले. तिथल्या बाकीच्या गाद्या फोमच्या, पातळ. "हिच्यावर गुडघे दुखत नाहीत," असं कोणी म्हटलं की मी आणखी फुगायचे. खोटं कशाला बोलू?

वर्ग भन्तेजी घ्यायचे. ते बौद्ध भिक्खू, बोलणं सावकाश. नवख्यांना ते सांगायचे, "दुःख आहे, हे आधी मान्य करा. त्याला कारण आहे, तृष्णा. म्हणजे हव्याहव्याशा गोष्टीला चिकटून बसणं. ती सुटली की दुःख सुटतं. आणि सुटायला वाट आहे. नीट बघा, नीट बोला, नीट वागा, मन जागं ठेवा." सगळे माना डोलवायचे.

सगळ्यांत जोरात डोलायची शिंपीणबाईंची मान. त्या सर्वांआधी येऊन मला पटकावायच्या. पहिल्याच दिवशी त्या भन्तेजींना म्हणाल्या होत्या, "आई गेल्यावर तिचं शिवणयंत्र मी घरी आणलं. धाकटीलाही ते हवं होतं. मी म्हटलं, तुला सुई ओवता येत नाही, तू काय करणार? तेव्हापासून तिने माझा उंबरा चढला नाही. सख्खी बहीण हो! जीव तुटतो माझा."

"येत राहा," एवढंच भन्तेजी म्हणाले.

एके दिवशी ड्रायव्हरकाका लवकर आले. जन्मभर गाडी चालवून गुडघ्यांची वाट लागलेले. ते निवांत माझ्यावर बसले. तेवढ्यात शिंपीणबाई आल्या.

"काका, उठा. ही माझी गादी आहे."

"नाव लिहिलंय का हिच्यावर?"

"रोज मीच बसते!"

"मग आज माझ्या गुडघ्यांना बसू द्या."

बाईंनी माझा कोपरा धरला म्हणावं, तर मला कोपराच नाही. जे हाती लागलं ते धरून ओढलं. काकांनी दुसरीकडून. टर्रकन फाटले मी! तृष्णेचा धडा गिरवणारी ही माणसं, आणि खोलीभर माझा कापूस. तेवढ्यात भन्तेजी आत आले. एक पुंजका त्यांच्या डोक्यावर जाऊन बसला.

ते रागावले नाहीत. मला उचलून म्हणाले, "बाई, फाटली ही. पण तुमचे डोळे का भरले?"

बाई तिथेच खाली बसल्या. मग म्हणाल्या, "धाकटीलाही मी असंच म्हटलं होतं. 'हो बाजूला, हे माझं आहे.' आईच्याच दारात."

"यंत्र वाईट नाही, गादीही वाईट नाही," भन्तेजी म्हणाले. "वापरा, जपा. पण यंत्र झिजणार, गादी विरणार, आपणही जाणार. तेवढ्या वेळात किती दिवस अबोला धरायचा, ते तुम्ही ठरवा."

बाईंनी कापूस वेचला आणि मला घरी नेलं. आईच्या यंत्राच्या खणात लाल दोऱ्याचं रीळ होतं. अर्धी शिवण झाली आणि बाईंनी यंत्र थांबवलं. बहिणीला फोन लावला.

"धाकटे, मी बोलतेय. आईच्या यंत्रावर शिवायला येशील? सुई मी ओवून देईन."

पलीकडून अगदी बारीक आवाज आला, "आईचा चष्मा अजून त्या खणात आहे का गं?"

"आहे. तसाच आहे."

"मग येते."

उरलेली अर्धी शिवण धाकटीची. नागमोडी म्हणजे अगदीच नागमोडी! दोघी हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

आता वर्गात माझ्यावर ड्रायव्हरकाका बसतात. शिंपीणबाई आणि धाकटी शेजारी फोमच्या गाद्यांवर. मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा, नाहीतर कापसाच्या गाठी होतात. मी आहे तोवर मला जपा. पण माझ्यावर आधीच कोणी बसलं असेल, तर शेजारची गादी घ्या.

परवा कोणीतरी बाईंना म्हणालं, "तुम्ही एवढ्या काटेकोर, ही शिवण उसवून सरळ का करत नाही?"

बाईंनी माझ्यावरून हात फिरवला. "राहू दे," त्या म्हणाल्या. "माझ्या बहिणीची आहे ती."